चरित्रातील एक पुसलेले पान : डिकन्स-टर्नन प्रकरण आणि त्यावरील चित्रपट

चार्ल्स डिकन्स ह्या इंग्रज कादंबरीकाराने १२ मे १८६९ रोजी केलेल्या मृत्युपत्रात पहिलीच देणगी आहे ती एका अविवाहित स्त्रीच्या नावे. मिस एलेन लॉलेस टर्नन हिला एक हजार पौंड द्यावेत, असे त्यात नमूद आहे. ही टर्नन कोण आणि तिचा डिकन्सशी संबंध काय, हे मृत्युपत्र सांगत नाही. डिकन्सचा जिवलग मित्र जॉन फॉर्स्टर ह्याने १८७२ ते १८७४ ह्या वर्षांत त्याचे तीन खंडी चरित्र प्रसिद्ध केले आणि परिशिष्ट म्हणून हे मृत्युपत्रही त्यात छापले. त्या संबंध ग्रंथात टर्नन हे नाव येते ते केवळ ह्या परिशिष्टात. ज्या चरित्रकाराला डिकन्सचे बालपण, त्याचे दारिद्र्य, त्याच्या कादंबऱ्यांची जडणघडण ह्यांतील बारीकसारीक तपशील अवगत होता, त्याला हे नाव अपरिचित असणे शक्य नव्हते. फॉर्स्टरने खोटे काही लिहिले नाही. त्याने फक्त एक पान कोरे ठेवले, आणि त्या कोऱ्या पानावर पुढे साठ वर्षे कोणी लेखणी टेकवली नाही.

१९१३ च्या सुमारास हे प्रकरण कुजबुजीपुरते होते. शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, ते रुपेरी पडद्यावर आले. ‘द इन्व्हिजिबल वूमन’ ह्या चित्रपटाचे दिग्दर्शन रेफ फाइन्स ह्या नटाने केले असून डिकन्सची भूमिकाही त्यानेच केली आहे. एलेनचे काम फेलिसिटी जोन्स हिचे. पटकथा अ‍ॅबी मॉर्गन हिची असून तिचा आधार म्हणजे क्लेअर टॉमलिनबाईंचा १९९० सालचा त्याच नावाचा चरित्रग्रंथ होय. ऐतिहासिक चित्रपटाविषयी आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा पोशाख, वाडे व शस्त्रे बरोबर आहेत की नाहीत एवढ्यापुरती. ह्या चित्रपटातील वेशभूषा उत्तम आहे हे मान्य करून आपण तो विषय येथेच सोडून देऊ. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आहे. ज्या घटनेचा पुरावा तिच्यातील दोन्ही व्यक्तींनी जाणूनबुजून नष्ट केला, तिचा इतिहास लिहिता येतो काय? आणि येत असल्यास चित्रपटाने त्यात कोठवर भर घालावी?

प्रथम घटनाक्रम पाहू. १८५७ साली डिकन्स पंचेचाळीस वर्षांचा होता. कॅथरिन हॉगर्थशी त्याचा विवाह १८३६ साली झालेला होता आणि त्यांना दहा अपत्ये झाली होती. त्यांपैकी वॉल्टर हा मुलगा त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कंपनी सरकारच्या सैन्यात नोकरीसाठी हिंदुस्थानकडे निघाला. उत्तर हिंदुस्थानात त्या वेळी वणवा पेटलेला होता. हा मुलगा परत गेला नाही. १८६३ च्या अखेरच्या दिवशी तो कलकत्त्यास मृत्यू पावला. तो निघून एक महिना होतो न होतो तोच, ऑगस्टच्या २१, २२ व २४ तारखांना, मँचेस्टर येथील फ्री ट्रेड हॉलमध्ये डिकन्स व त्याच्या मंडळींनी विल्की कॉलिन्सच्या ‘द फ्रोझन डीप’ ह्या नाटकाचे प्रयोग केले. डग्लस जेरल्ड हा लेखकमित्र त्या जूनमध्ये वारला होता आणि त्याच्या कुटुंबाला साहाय्य करण्यासाठी हा खटाटोप होता. त्याआधीच्या खाजगी प्रयोगांत स्त्रियांची कामे डिकन्सच्या मुली व मेहुणी ह्यांनी केली होती. परंतु मँचेस्टरचे सभागृह प्रचंड, तेथे हौशी मुलींचा आवाज पोहोचणार नाही, म्हणून व्यावसायिक नटी आणणे भाग पडले. अशा रीतीने श्रीमती टर्नन आणि तिच्या मुली मारिया व एलेन ह्या डिकन्सच्या आयुष्यात आल्या. एलेन त्या वेळी अठरा वर्षांची होती. मूळ नाटकानंतर जोडून ‘अंकल जॉन’ नावाचे एक प्रहसन होत असे. एक प्रौढ गृहस्थ आपल्या पालकत्वाखाली वाढलेल्या तरुण मुलीच्या प्रेमात पडतो, असा त्याचा विषय. त्यात त्या गृहस्थाचे काम डिकन्स करी आणि मुलीचे काम एलेन. एखाद्या कादंबरीकाराने असा योगायोग रचला असता, तर टीकाकारांनी तो कृत्रिम ठरविला असता.

टर्नन कुटुंबाची परिस्थिती ध्यानात घेतल्याशिवाय पुढील वर्तनाचा अर्थ लागत नाही. बाप टॉमस टर्नन हाही नट. तो १८४६ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला, तेव्हा एलेन सात वर्षांची होती. आई आणि तीन मुली रंगभूमीवर पोट भरीत. त्या काळच्या इंग्लंडात नटीची प्रतिष्ठा ही मोठी नाजूक वस्तू होती. ती जपण्यासाठी आई डोळ्यांत तेल घालून मुलींबरोबर राही आणि तरीही समाजाचा संशय सुटत नसे. आपल्याकडील संगीत नाटकमंडळ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे अधिक विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. ह्या कुटुंबाला देशातील सर्वांत लोकप्रिय लेखकाचा आश्रय लाभत होता. त्याची किंमत काय, हे आईला कळत नसेल असे मानणे कठीण आहे. चित्रपटात क्रिस्टिन स्कॉट टॉमस हिने साकारलेली आई ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिच्या मुद्रेवर काळजी आणि हिशेब एकाच वेळी दिसतात आणि दिग्दर्शक दोहोंपैकी कशाचीही निर्भर्त्सना करीत नाही.

मँचेस्टरहून परतल्यावर दोन महिन्यांच्या आत डिकन्सने आपल्या शयनगृहाची व पत्नीच्या खोलीची वाट बंद करून टाकण्याची सूचना घरच्या जुन्या मोलकरणीस पत्राने दिली. हे पत्र उपलब्ध आहे. मे १८५८ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. कॅथरिनला वार्षिक सहाशे पौंड आणि स्वतंत्र घर मिळाले. थोरला मुलगा तिच्याजवळ राहिला. बाकीची मुले बापाकडे राहिली आणि कॅथरिनची सख्खी बहीण जॉर्जिना हीही मेहुण्याच्याच घरी राहिली. ह्यामुळे लोकापवादाला दोन वाटा फुटल्या. कोणी म्हणत प्रकरण मेहुणीशी आहे, कोणी म्हणत नटीशी. येथे कायद्याचा एक मुद्दा आहे, ज्याकडे चित्रपटाने मुळीच लक्ष दिलेले नाही. १८५७ सालचा घटस्फोटाचा कायदा जानेवारी १८५८ पासून अंमलात आला होता. त्यानुसार पत्नीच्या व्यभिचारावरून पतीला काडीमोड घेता येई. पत्नीला मात्र पतीचा नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग, द्विभार्यत्व किंवा निषिद्ध नात्यातील संबंध, ह्यांपैकी काहीतरी सिद्ध करावे लागे. पत्नीची बहीण ही त्या कायद्याने निषिद्ध नात्यातील. म्हणजे नटीविषयीची कुजबुज डिकन्सला लाजिरवाणी होती, परंतु मेहुणीविषयीची कुजबुज न्यायालयात जाण्याजोगी होती. सासुरवाडीच्या मंडळींकडून ह्या वदंतांचा इन्कार करणारे निवेदन सहीनिशी घेतल्यावाचून डिकन्सने पोटगीचा करार पुरा केला नाही, त्याचे रहस्य ह्यात आहे.

ह्यानंतर त्याने जे केले ते केवळ अविचाराचे होते. ७ जून १८५८ रोजी ‘टाइम्स’मध्ये आणि मग आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ ह्या साप्ताहिकात त्याने आपल्या घरगुती कलहाविषयी जाहीर निवेदन छापले. ज्यांना काही ठाऊक नव्हते अशा हजारो वाचकांना त्यामुळे काहीतरी घडल्याचे कळले. ब्रॅडबरी आणि एव्हन्स ह्या त्याच्या प्रकाशकांनी ते निवेदन ‘पंच’ ह्या विनोदी पत्रात छापले नाही, म्हणून त्याने त्यांच्याशी संबंध तोडला, साप्ताहिक बंद केले आणि १८५९ साली नवे काढले. ऑगस्टमध्ये त्याचे एक खाजगी पत्र ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ने छापले, त्यात पत्नीविषयी अनुदार मजकूर होता आणि एका निनावी तरुणीच्या निष्कलंकपणाची ग्वाही होती. जो मनुष्य वाचकांशी घरोब्याचे नाते मिरवीत होता, त्याने त्याच नात्याच्या आधारे वाचकांना आपल्या बाजूने साक्षीला बोलावले. चित्रपटात हा भाग थोडक्यात आला आहे, पण कॅथरिनच्या तोंडी घातलेल्या एका संवादातून त्याचे मर्म प्रकट होते. एलेनसाठी घेतलेला दागिना चुकून कॅथरिनच्या हाती पडतो आणि ती तो स्वतः एलेनला नेऊन देते. आपला नवरा अधिक प्रेम कोणावर करतो, तुझ्यावर की त्याच्या वाचकांवर, हे तुला कधीच निश्चित कळणार नाही, अशा अर्थाचे काही ती सुचविते. दागिना चुकून घरी आल्याची आख्यायिका जुनी आहे, आणि डिकन्सने पत्नीला टर्ननांच्या भेटीस जाण्यास भाग पाडले ही कन्या केटीने सांगितलेली हकीकत वेगळी आहे. पटकथेने दोन्ही एकत्र केल्या. जोआना स्कॅनलन हिने हा प्रवेश असा काही वठविला आहे की ह्या मिश्रणाबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

३ सप्टेंबर १८६० रोजी डिकन्सने गॅड्स हिल येथील घराच्या मागे वीस वर्षांचा पत्रव्यवहार जाळून टाकला. पुढेही आलेली खाजगी पत्रे नष्ट करण्याची शिस्त त्याने पाळली. १९६५ ते २००२ ह्या काळात त्याच्या पत्रांची बारा खंडांची आवृत्ती निघाली. तीत चौदा हजारांवर पत्रे आहेत. त्यांत डिकन्सने एलेनला लिहिलेले वा एलेनने डिकन्सला लिहिलेले एकही पत्र नाही.

असे असता आपल्याला जे ठाऊक आहे ते कशावरून? येथे मराठी इतिहाससंशोधकाला जवळची वाटेल अशी गोष्ट आढळते. बखर आणि दप्तर ह्यांतील भेद राजवाड्यांपासून आपण घोकीत आलो आहो. बखरकार सांगू इच्छितो तेवढेच सांगतो. दप्तराला सांगण्याची इच्छाच नसते, म्हणून ते खरे बोलते. फॉर्स्टरचे चरित्र ही ह्या अर्थाने एक उत्कृष्ट बखर आहे. दप्तर मात्र इतरत्र पसरलेले होते. लंडनमधील हॉटन प्लेस येथील घर १८५९ साली एलेनच्या दोन बहिणींच्या नावे घेतले गेले आणि १८६० साली, ती एकवीस वर्षांची होताच, तिच्या नावे झाले. तुटपुंज्या कमाईच्या नटींनी हे घर कोणाच्या पैशाने घेतले, हे विचारण्याचे कारण नाही. पुढे स्लाउ ह्या गावी आणि नंतर लंडनच्या पेकम भागात घेतलेल्या घरांच्या स्थानिक कर-आकारणीच्या वह्या तपासण्यात आल्या, तेव्हा त्यांत ट्रिंगम आणि त्याच्याशी मिळतीजुळती नावे सापडली. डिकन्स टोपण नावाने कर भरीत होता. प्रेमपत्रे जाळता येतात. कर भरल्याची नोंद जाळता येत नाही.

ह्या वह्यांचा शोध लावणारा फेलिक्स एलमर हा व्यवसायाने नट होता. १९५९ साली त्याने ह्या विषयावर पुस्तक लिहिले. त्याला वाट दाखविली ती डिकन्सच्या १८६७ सालच्या एका खिशातील रोजनिशीने. ही रोजनिशी डिकन्सच्या अमेरिकेच्या दौऱ्यात हरवली, १९२२ साली विक्रीला आली आणि आता न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बर्ग संग्रहात आहे. हरवली म्हणून ती वाचली, घरी राहती तर जळाली असती. तिच्यात कोणत्या दिवशी कोठे गेलो ह्याच्या त्रोटक नोंदी आहेत. ‘एन’ हे आद्याक्षर वारंवार येते (एलेनला घरी नेली म्हणत). स्लाउ व पेकम ह्यांची आद्याक्षरेही येतात. शेवटी तारेची एक सांकेतिक भाषा टिपून ठेवलेली आहे. अमेरिकेहून त्याने ‘सर्व ठीक’ अशी तार केली तर एलेनने निघून यावे. ‘सुखरूप आणि ठीक’ अशी केली तर येऊ नये. तार दुसऱ्या प्रकारची गेली. वाचन-प्रयोगांना गर्दी करणाऱ्या अमेरिकन जनतेपुढे आणि तेथील वृत्तपत्रांपुढे हे गुपित टिकणार नाही, हे तेथे पाऊल ठेवताच त्याच्या ध्यानात आले असले पाहिजे.

९ जून १८६५ रोजी केंट परगण्यात स्टेपलहर्स्ट येथे झालेला रेल्वे अपघात हा ह्या प्रकरणातील सर्वांत बोलका प्रसंग होय. पुलावरील रूळ दुरुस्तीसाठी काढलेले होते. मुकादमाने त्या दिवशीच्या गाडीची वेळ चुकीची वाचली होती. फोकस्टनहून येणारी गाडी खाली कोसळली आणि दहा माणसे ठार झाली. फ्रान्सहून परतणारा डिकन्स, एलेन आणि तिची आई एकाच पहिल्या वर्गाच्या डब्यात होती आणि तो डबा अधांतरी लोंबकळत राहिला. डिकन्सने त्या दोघींना बाहेर काढले, जखमींना पाणी व ब्रँडी दिली, आणि मग डब्यात परत चढून ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ ह्या कादंबरीच्या चालू भागाचे हस्तलिखित काढून आणले. त्या कादंबरीच्या उपसंहारात ह्या प्रसंगाचा उल्लेख त्याने केला आहे. परंतु गाडीतून वाचलेल्यांत तेथे त्याची काल्पनिक पात्रे आहेत, बरोबरच्या दोन स्त्रिया नाहीत. चौकशीला तो साक्षीस गेला नाही. मात्र तीन दिवसांनी त्याने चेअरिंग क्रॉस स्थानकाच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिले. डब्यात एका बाईंची सोन्याची साखळी व काही वस्तू हरवल्या असून त्यांपैकी एका मुद्रेवर ‘एलेन’ असे कोरलेले आहे, असे त्यात होते. त्याच महिन्यात आपल्या नोकराला त्याने फळे, साय, कोंबडी व कबुतरांची जोडी घेऊन मिस एलेनकडे पाठविले. अपघातात ती जखमी झाली होती हे त्यावरून समजते.

चित्रपटाने हा प्रसंग योग्य ओळखला. जखमी एलेन गवतावर पडलेली आहे आणि डिकन्स तिच्यापासून दूर जाऊन इतरांमध्ये मिसळतो, हस्तलिखिताची पाने गोळा करतो. ‘अदृश्य स्त्री’ म्हणजे काय, हे तेथे एका वाक्याचेही भाष्य न करता कळते. ह्याउलट फ्रान्समधील भाग घ्या. एलेन गर्भवती आहे, मूल मृत जन्मते, अशी चित्रपटाची मांडणी आहे. १८६२ पासून तीन वर्षे डिकन्स वारंवार खाडी ओलांडून फ्रान्सला जात होता, हे खरे. डिकन्सची मुलगी केटी हिने वृद्धपणी ग्लॅडिस स्टोरी ह्या बाईंना मूल झाल्याचे व ते लहानपणीच गेल्याचे सांगितले. १९३९ च्या पुस्तकात ती हकीकत आली. हा पुरावा दुय्यम असला तरी टाकाऊ नाही, कारण केटीला बापाची बदनामी करून काही मिळवावयाचे नव्हते. परंतु जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, दाईचा किंवा वैद्याचा हिशेब, ह्यांपैकी काहीही आजवर पुढे आलेले नाही. एलमरनेही रोजनिशीतील दोन शब्दांवरून एका मुलाचा माग काढला होता, आणि पुढे ती ओळख चुकीची ठरली. पीटर अ‍ॅक्रॉइड ह्याने आपल्या विस्तृत चरित्रात तर ह्या संबंधात शरीरसंबंध नव्हताच, असे मत मांडले आहे. मला ते पटत नाही; टोपण नावाने तीन-चार घरे चालविणारा मनुष्य केवळ स्नेहासाठी ती चालवीत होता असे मानावयास फार मोठी श्रद्धा लागते. तरी संभव आणि सिद्ध ह्यांतील अंतर आपण पुसता कामा नये. चरित्रकाराला ‘बहुधा’ हा शब्द उपलब्ध असतो आणि टॉमलिनबाई तो प्रामाणिकपणे वापरतात. पडद्यावर ‘बहुधा’ दाखविता येत नाही. मूल दाखविले की ते जन्मलेच.

ह्या विषयाचा प्रेक्षकांपर्यंतचा प्रवास सरळ नव्हता. टॉमस राइट ह्याने १९३५ च्या चरित्रात हे प्रकरण प्रथम उघडपणे मांडले. त्याचा आधार म्हणजे मार्गेटचे धर्मोपदेशक बेनम ह्यांना एलेनने दिलेली कबुली. बेनम १९१० मध्येच वारलेले असल्याने साक्षीदाराची उलटतपासणी शक्य नव्हती. डिकन्सभक्तांनी राइटवर चिखलफेक केली. १९५२ साली अमेरिकेतील एडा निस्बेटबाईंनी, पूर्वीच्या कोणी शाईने खोडून ठेवलेला पत्रांतील मजकूर अवरक्त किरणांच्या छायाचित्रणाने वाचून दाखविला, तेव्हा वाद भक्तीच्या क्षेत्रातून पुराव्याच्या क्षेत्रात आला. थोर पुरुषाच्या पत्रांवर शाई फिरविणारे हात आपल्याकडेही आहेत. निस्बेटबाईंसारखे डोळे मात्र आपल्याकडे कमी आहेत.

टॉमलिनबाईंचे खरे कार्य असे की त्यांनी प्रश्नाचा रोख बदलला. डिकन्सने काय केले, ह्याऐवजी एलेनचे काय झाले, असे त्यांनी विचारले. डिकन्स ९ जून १८७० रोजी वारला तेव्हा एलेन एकतीस वर्षांची होती. १८७६ साली तिने जॉर्ज व्हार्टन रॉबिन्सन ह्या आपल्याहून बऱ्याच लहान गृहस्थाशी विवाह केला. त्याने मार्गेट येथे मुलांची शाळा चालविली. तिला दोन मुले झाली. नव्या आयुष्यात तिने आपल्या वयातून दहाहून अधिक वर्षे काढून टाकली. डिकन्स आपल्या बालपणी घरी येत असे, असे ती सांगू शकली ती ह्याच हिशेबामुळे. म्हणजे येथे गुप्तता दोन आहेत. पहिली डिकन्सने कीर्तीसाठी रचली आणि तिच्यात एलेनला कोंडले. दुसरी एलेनने स्वतः रचली आणि तिच्यातून ती बाहेर पडली. पहिलीत ती अदृश्य केली गेली, दुसरीत ती स्वेच्छेने नाहीशी झाली. चित्रपट मार्गेटच्या समुद्रकिनाऱ्यावर सुरू होतो. काळ्या पोशाखातील एलेन एकटीच झपाझप चालते आहे आणि शाळेत मुले डिकन्स व कॉलिन्स ह्यांचेच नाटक बसवीत आहेत. मात्र त्या चौकटीतील एलेन ही सतत मागे वळून पाहणारी, अपराधाच्या ओझ्याने वाकलेली स्त्री आहे. वय चोरून, पुन्हा संसार मांडून, धर्मकार्याला मदत म्हणून डिकन्सच्याच कथांचे जाहीर वाचन करणारी जी धीट बाई कागदपत्रांतून दिसते, ती पडद्यावर उतरलेली नाही. बेनमजवळची कबुली चित्रपटाने अखेरची मुक्ती म्हणून वापरली आहे. वस्तुतः त्या कबुलीविषयी आपल्याला जे कळते ते राइटच्या, म्हणजे दोन पुरुषांच्या तोंडून कळते. एलेनचा स्वतःचा शब्द आपल्याजवळ नाहीच.

१९१४ साली ती वारली. साउथसी येथील हायलँड रोड दफनभूमीत तिची कबर आहे. डिकन्सचे पहिले अयशस्वी प्रेम जिच्यावर होते ती मारिया बीडनेल हीही त्याच दफनभूमीत आहे, आणि दफनभूमी डिकन्सच्या जन्मगावात, पोर्ट्समथ येथे आहे.

चित्रपटानंतर एक नवे साधन उजेडात आले. २०१९ साली यॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन बोवेन ह्यांनी हार्वर्ड येथील संग्रहातील एडवर्ड डटन कुक ह्या पत्रकाराची पत्रे प्रकाशात आणली. विभक्त झाल्यानंतर कॅथरिन लंडनमध्ये जेथे राहत होती तेथे कुक तिचा शेजारी होता, आणि तिने शेवटच्या दिवसांत त्याच्याशी मन मोकळे केले होते. निरोगी असताना आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याचा प्रयत्न नवऱ्याने केला, असे तिचे म्हणणे कुकने नोंदविले आहे. वैद्याने नकार दिल्याने तो फसला. ही साक्षदेखील ऐकीवच, आणि १८७९ मधली, म्हणजे घटनेनंतर वीस वर्षांची. परंतु पत्नीच्या मानसिक अस्वास्थ्याचा जो सूर डिकन्सने १८५८ च्या पत्रात लावला होता, त्याच्याशी ती जुळते. एलेनचा बाप तसल्याच इस्पितळात वारला होता, हे डिकन्सला माहीत होते किंवा कसे, ह्याचा शोध अजून कोणी घेतल्याचे दिसत नाही. खोल्यांमधील वाट बंद करण्याचा प्रसंग चित्रपटात एका थकलेल्या पतीची कठोर कृती म्हणून आला आहे. कुकची पत्रे वाचल्यावर तोच प्रसंग पुन्हा पाहावा. भिंतीपलीकडे अंधारात बसलेल्या कॅथरिनकडे मग वेगळ्या नजरेने पाहावे लागते.